मास्तर हात लावत नाहीत

आमच्या ऑफिसात ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी शाळेत कधीच शिकवलेलं नाही. ते प्रोग्रामर आहेत आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. नव्या माणसाचा लॅपटॉप कामासाठी तयार करायचा असला की मास्तर त्याच्या शेजारी खुर्ची ओढतात, पण स्क्रीनकडे पाठ करून. "काय दिसतंय ते वाचा," म्हणतात. कीबोर्डला बोट लावणार नाहीत. मी असते तर "सरका जरा" म्हणून सगळं उरकून केव्हाच चहाला गेले असते. राग माझ्या नाकावरच असतो.

परवा त्यांच्या वाट्याला मावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्याकडे तक्रारींच्या फोनवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या बाई. तो विभाग बंद होणार होता. मावशींनी सुट्टीच्या दिवशी क्लास करून प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि थेट साहेबांकडे जागा मागितली. साहेब म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत आपलं प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर चालू करून दाखवा. नाही जमलं तर माझा नाइलाज आहे." घरात मिळवत्या त्या एकट्याच होत्या.

मावशींनी सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं. मास्तरांनी सांगितलेली सेटिंग टर्मिनलच्या काळ्या विंडोत टाइप केली. प्रोजेक्ट चालू करायला गेल्या, तर उत्तर आलं, सॉफ्टवेअर सापडत नाही.

"परत करू," मास्तर म्हणाले.

परत तेच. सगळं काढून नव्याने टाकलं, तरी येरे माझ्या मागल्या! मावशी प्रत्येक ओळ ठणठणीत वाचत होत्या आणि एक अक्षर चुकत नव्हतं. जेवणाची वेळ टळून गेली. मास्तरांचे कान लाल झाले. ते उठले, तोंडावर पाणी मारून आले आणि आधीच्याच आवाजात म्हणाले, "हं, पहिल्यापासून वाचा."

मला राहवेना. "अहो मास्तर, नुसती मान वळवून बघा ना! नाहीतर मी बघते."

"तू तुझं काम कर. मी बघितलं की माझा हात जाणार. त्यांना जागा नुसती मिळवायची नाहीये, टिकवायचीय. उद्या मी नसलो तर?"

"तिला रागावू नका," मावशी म्हणाल्या. "मीच दगड आहे."

"दगड असता तर मी कधीच उठलो असतो. आता स्क्रीन राहू द्या. तुमचे हात काय काय करतात ते सांगा. अगदी बारीकसारीक."

"सेटिंग टाइप करते. एंटर मारते. ती विंडो बंद करते. मग दुसरी उघडून..."

"थांबा. बंद का करता?"

"त्यातलं काम झालं ना! फोनवर आमची तीच शिस्त. एक तक्रार मिटली की विंडो बंद, मगच पुढचा फोन. नाहीतर एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या नावावर जायचं."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. टाइप केलेली सेटिंग ती काळी विंडो उघडी असेपर्यंतच टिकत होती, आणि मावशी दर वेळी आवराआवरीत सेटिंगलाही केराची टोपली दाखवत होत्या. "चूक माझी," मास्तर म्हणाले. "उघडा म्हणालो, बंद करू नका म्हणायचं राहिलं." या खेपेला मावशींनी विंडो उघडी ठेवली आणि प्रोजेक्ट चाललं. मी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात साहेब आले. "मास्तर शेजारी असल्यावर चालणारच," म्हणत त्यांनी कपाटातून एक कोरा लॅपटॉप काढून मावशींपुढे ठेवला. "यावर करा. एकट्यानं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर मात्र उठले आणि चक्क बाहेर निघून गेले. ऐन वेळी बाईंना वाऱ्यावर सोडलं, असंच मला वाटलं.

मावशी कामाला लागल्या. मध्येच एक एरर आली, दिवसभरात न दिसलेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मावशींनी दाराकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. त्या एरर पुन्हा वाचू लागल्या, पुटपुटत, सावकाश. मग त्यांच्या लक्षात आलं की हा लॅपटॉप इंटरनेटला जोडलेलाच नाही. जोडला आणि पुढे गेल्या. प्रोजेक्ट चाललं.

"सोमवारपासून या टेबलावर बसा," साहेब म्हणाले.

मी धावत बाहेर गेले. मास्तर जिन्यात पायरीवर बसले होते.

"मास्तर, झालं! मावशींना जागा मिळाली!"

"अडल्या कुठे?"

"एकदा. स्वतःच सोडवलं. पण तुम्ही उठून का आलात? नुसते बसला असतात तरी तेवढाच आधार झाला असता."

"बसलो असतो तर हात लावला असता गं, साहेबांच्या देखत," ते म्हणाले. "मला वाटत होतं, नाही जमणार त्यांना. दुपारपासूनच वाटत होतं."

दिवसभर या माणसाचा आवाज एकदाही चढला नव्हता. आता त्यांना डोळे पुसायला स्वतःचा रुमाल सापडेना. मी माझा दिला आणि त्यांच्या शेजारी बसले.