कंडक्टरमामांची ईस्टरची न्याहारी

कंडक्टरमामा देवाशीसुद्धा ओरडूनच बोलत. उभी नोकरी एसटीच्या खडखडाटात गेलेली. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. त्यांनी डोळे मिटून "हे प्रभू" म्हटलं की पलीकडच्या गल्लीत आमची आई पीठ मळता मळता म्हणायची, "बसले वाटतं मामा प्रार्थनेला." ते ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. पण अवघ्या पाटोद्याचे ते मामा होते, आणि त्यांचा एकुलता एक दानियल पहिलीपासून माझ्या बाकावर बसायचा.

पाटोद्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, बीडहून येत, आणि ईस्टरला तिथली उपासना आटोपून पोचायला त्यांना दुपार होई. म्हणून कबरस्तानातली पहाटेची प्रार्थना मामांकडे असे. तांबडं फुटलं की ते गर्जत, "प्रभू उठला आहे!" आणि जमलेली पंधरावीस माणसं उत्तर देत, "खरोखर उठला आहे!" दानियलसोबत मीही जायचो, खरं सांगायचं तर नंतरच्या न्याहारीसाठी. मामींच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि उकडलेली अंडी.

ईस्टर म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "शुक्रवारी प्रभूला खांबावर चढवलं. ती सिंगल बेल. गाडी थांबली. समद्यांना वाटलं, उतरा आता, शेवटचं गाव आलं. रविवारी डबल बेल वाजली, गाडी निघाली म्होरं. एवढंच हाय बघ." आमच्या शाळेतल्या एका सरांनी त्यांना छेडलं, "मेलेला माणूस उठतो कसा हो, मामा?" मामा जराही चिडले नाहीत. "ते मला न्हाई ठावं, सर. मी तिकिटं फाडनारा. गाडी चालवनारा म्होरं बसलाय."

ईस्टरच्या आदल्या दिवशी ते रजा टाकून चुन्याची बादली घेऊन कबरस्तानात जात. आपल्या आईवडिलांच्या कबरी आधी, मग बाकीच्या सगळ्या. ज्यांची माणसं केव्हाच पुण्याला निघून गेली, त्यांच्याही. दानियल कंटाळून म्हणायचा, "पप्पा, यांना कोण बघायला येतंय?" मामा ब्रश न थांबवता म्हणायचे, "बघायला येनाऱ्यांसाठी न्हाई रे. उठनाऱ्यांसाठी. उठल्यावर मानसाला आपलं अंगण साफ दिसावं."

आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत दानियल आणि मी गावाबाहेरच्या तलावात उतरलो. त्याला जेमतेम पोहता यायचं, मला त्याहून थोडं बरं. मध्यावर त्याचा दम तुटला आणि त्याने माझ्या खांद्याला मिठी मारली. दोघंही खाली जाऊ लागलो. मी त्याला झटकलं आणि काठ गाठला. वळून पाहिलं तर पाणी नुसतं हलत होतं.

मी शेतातल्या माणसांना हाका मारल्या. ती धावत आली, आणि त्याला बाहेर काढेपर्यंतही मी थांबलो नाही. पळालो. परळीकडे सिरसाळ्याला माझी मावशी असते, तिच्याकडे जाऊन राहिलो. जिवलग मित्राच्या मातीला गेलो नाही. आईने निरोपावर निरोप धाडले. मी पाटोद्याचं तोंड पाहिलं नाही. झटकल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या ईस्टरच्या दिवशी दहाच्या सुमाराला मावशीच्या दारात मामा उभे. पहाटेची प्रार्थना करून ते तसेच मिळेल त्या गाडीने निघाले होते. हातात कापडी पिशवी. ते भांडायला आले असं वाटून मावशी माझ्यापुढे उभी राहिली. मामा म्हणाले, "ताई, दोन ताटल्या द्या." त्यांनी डबा उघडला. पुऱ्या, भाजी, अंडी. "ये बाळा, न्याहारी कर."

मी भिंतीला टेकून तसाच उभा राहिलो. मामांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. "प्रभूला धरून नेलं तवा त्येचे समदे शिष्य पळाले. एक तर म्हनला, मी वळखतच न्हाई. आन हा उठल्यावर कुटं गेला? तळ्याकाठी, त्येंच्याकडंच. इस्तव पेटवला, मासे भाजले, म्हनला, या, खाऊन घ्या. का म्हून पळालात, असं एका शब्दानं इचारलं न्हाई." मग थांबून म्हणाले, "मी मानूस हाय. मी इचारायचं ठरवूनच निघालतो. पर आता तुझं तोंड बघून जीभ रेटत न्हाई."

"मामा," मी म्हणालो, "त्यानं मला धरलं होतं. मी झटकलं त्याला."

मामा उठले. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला हात टेकून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मावशी पाणी घेऊन उंबऱ्यातच थबकली. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता हे असेच निघून जातील, आणि ते बरोबरच होईल.

ते परत आले. चेहरा पुसला नव्हता. खाली बसून त्यांनी एक अंडं सोललं. टरफल निघता निघेना. ते माझ्या हातात ठेवून म्हणाले, "खा. पहाटं लेकाच्या कबरीपाशी हुबा राहून मोठ्यानं बोललो, प्रभू उठला हाय म्हनून. ते खरं आसंल, तर तुला हितं टाकून मला घरी जाता येत न्हाई."

मी खाल्लं. रडत खाल्लं. दुपारच्या गाडीने त्यांनी मला पाटोद्याला आणलं.

मामींना मात्र जमलं नाही. मला दारात पाहून त्या आत निघून गेल्या. मामा मला एवढंच म्हणाले, "तिला येळ लागंल. तू येत राहा." मी येत राहिलो. मामी माझ्यापुढे चहा ठेवायच्या, पण बोलायच्या नाहीत. दोन ईस्टर तसेच गेले. तिसऱ्याला न्याहारीच्या वेळी त्या म्हणाल्या, "अजून एक पुरी घे," आणि मामा हातातली ताटली तशीच ठेवून बाहेर निघून गेले.

पुढे मी गावातच शिक्षक झालो. मामांनी मला ख्रिस्ती हो असं कधी सुचवलंसुद्धा नाही. बुद्धपौर्णिमेला ते विहारात येऊन आमची खीर खात आणि आणखी मागत. एवढं मोठं माझ्यासाठी करून त्याचा उल्लेख त्यांच्या तोंडी पुन्हा आला नाही. मीच एकदा काढला तेव्हा म्हणाले, "मी काय केलं? त्येनं आमाला दिलं, ते म्होरं सरकवलं."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. आजारपण फार नव्हतं. मातीला सगळं गाव लोटलं. मी बाजूला, कुंपणाशी उभा होतो. नात्याचा नव्हतो, धर्माचाही नव्हतो. शवपेटी खाली उतरवल्यावर पाळकांनी विचारलं, "पहिली मूठ माती टाकायला घरचं कोण आहे?"

मामी गर्दीतून वाट काढत कुंपणापर्यंत आल्या. त्यांनी माझा दंड धरला आणि मला पुढे नेलं.