सेतुकाकांचं हरवलेलं पाऊल

सेतुकाका व्हिडिओ पाहताना फोनचा वरचा अर्धा भाग तळहाताने झाकत. काठी फिरवणाऱ्याचे हात झाकायचे आणि नुसते पाय पाहायचे. "हात कोणीही दाखवितो गे," ते मला म्हणत. "विद्या पायांत असते, आणि तेच हे लोक दाखवीत नाहींत." पुष्कळदा चित्रण कंबरेपर्यंतच असे. मग ते त्या शिकवणाऱ्यालाच विचारत, "बाबा रे, तू उभा कशावर आहेस?"

ते माझे धाकटे काका, तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीतून निवृत्त झालेले. लहानपणी आजोबांनी त्यांना कुंभकोणमच्या घराच्या गच्चीवर काठी शिकवली होती. आजोबा लवकर गेले. काकांना सगळे हात आठवत, पण मधल्या एका वळणातलं पाऊल हरवलं होतं. तिथे आले की काठी स्वतःच्याच घोट्यावर बसे. ही विद्या आमच्या पूर्वजांसारखीच मराठा फौजेबरोबर महाराष्ट्रातून इकडे तमिळ मुलखात आली, असं घरात सगळे मानत. काकांना मूलबाळ नव्हतं. आपल्याबरोबर ती तुटक्या अवस्थेत संपेल, ही त्यांची खंत होती.

आमच्या घरात मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. मी ग्रंथालयात नोकरी करते, पुस्तकांवरून देवनागरी शिकलेली. म्हणून शोधायचं काम माझ्याकडे आलं. लाठीकाठी, दांडपट्टा, सुचेल ते मी टाइप करत गेले. साताऱ्याकडच्या एका शिक्षकांना काकांनी फोनही लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुमची मराठी फार गोड आहे हो. पण असा पवित्रा आमच्याकडे नाही."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "गोड घेऊन काय करूं? पाऊल कोठें आहे?"

एका दुपारी मी कामावर होते. काकांनी फोनला तोंडी विचारून पाहिलं. त्याला आमची जुनी मराठी कळेना, तेव्हा वैतागून त्यांनी तमिळमध्ये विचारलं. जवळच्याच स्वामीमलैच्या एका मुलीचा व्हिडिओ आला. विशीतली मलर, मूर्ती ओतणाऱ्यांच्या घरातली, अंगणात सिलंबम करत होती. सिलंबम ही इथली तमिळ काठीची विद्या. फोन जमिनीवर टेकवून चित्रण केलेलं, त्यामुळे पाय स्वच्छ दिसत होते. वळणावर तिचा मागचा पाय उचललाच गेला नाही, टाचेवर फिरला. काकांनी उठून तसंच केलं. काठी घोट्याजवळून मोकळी निघून गेली.

मी घरी आले तेव्हा काकू म्हणत होत्या, "एवढीं वर्षें मराठींत धुंडिलें, आणि हें तर बसच्या वाटेवर होतें." मग म्हणाल्या, "म्हणजे तें आपलें नव्हे."

काकांनी काठी भिंतीला टेकवली. मला वाटलं, दुखावले. पण ते म्हणाले, "बाबांना इथल्याच कोणी वाध्याराने, तमिळ गुरूने, शिकविलें असेल. आम्ही फौजेचें नांव लक्षांत ठेविलें, त्याचें नाहीं. कोण असेल गे तो?"

त्यानंतर ते आठवड्यातून एकदा स्वामीमलैला जात. मलर त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणे आणि मुळीच भीड न ठेवता चुका काढी. "तात्ता, गुडघा ताठ. बसस्टॉपवर उभे आहात का?" हे काका घरी येऊन कौतुकाने सांगत.

काका गेले त्याला दोन महिने होत आहेत. दिवसकार्य झाल्यावर मलर भेटायला आली. तिने एक नवा व्हिडिओ दाखवला. वळणानंतरचे हात तिच्या गुरूंकडेही उरलेले नव्हते. ते तिला काकांनी शिकवले होते. व्हिडिओखाली शिकवणाऱ्यांची नावं द्यायची होती. मी काकांचं सांगितलं, मग आजोबांचं.

"त्यांच्या आधी?"

"इथलंच कोणीतरी," मी म्हटलं.

तिने तमिळमध्ये तेवढंच लिहिलं, आणि ती ओळ सर्वांत वर ठेवली.