डाव्या बाजूची होडी

आधीच सांगते, भूतखेत, चकवा, देवचार असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. मग हे का लिहितेय? तर परवा इथेच एका सद्गृहस्थांनी ठणकावून लिहिलं की समुद्रातले सगळे ‘अनुभव’ म्हणजे थकलेल्या मेंदूचे खेळ. लिहिणाऱ्याने आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाणी पाहिलेलं नसावं. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा जे झालं ते जसंच्या तसं सांगते. पटलं तर बघा...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. बाबा मालवणकडचे, आधी गिरणीत होते. संपात गिरणी सुटली, तेव्हापासून जवळच्याच एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर. मी दहावीत. पहाटे तलाव, मग शाळा, संध्याकाळी परत तलाव. केस क्लोरिनने तांबूस झालेले आणि खांदे असे रुंद, की युनिफॉर्म शिवणाऱ्या बाई माप घेताना दोनदा टेप लावायच्या. शेजारच्या काकू आईला माझ्यासमोरच म्हणायच्या, "हिचं लग्न जमवताना कठीण जाणार हो तुम्हाला." पोहण्याने मुलं घडतात म्हणजे नक्की काय होतं ते मला विचारा. असलं काही कानावर पडलं तरी पोळी सावकाश चावून खाता येते.

आमचे कोच कामत सर. ओरडायचे भरपूर, पण एका बाबतीत देवमाणूस. वळताना भिंतीला हात लागला नाही आणि कोणी पाहिलं नाही, तरी आपण हात वर करून सांगायचं — ही त्यांची शिस्त. न सांगणाऱ्याला ते आठवडाभर पाण्यात उतरू द्यायचे नाहीत.

त्या वर्षी हिवाळ्यात गोराई ते मार्वे अशी समुद्रातली स्पर्धा होती. बाबांनी अट घातली. "पुरी केलंस तर फुडे पोव. नाय तर बोर्डाचो अभ्यास, आनि तलाव बंद." बाबा एकदा बोलले की बोलले. म्हणजे माझं सगळं पोहणं त्या एका सकाळीवर येऊन थांबलं होतं.

समुद्रात पोहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. डोकं पाण्यात, गॉगलवर वाफ, लाटांच्या मध्ये किनारा गायब. त्याचे डोळे म्हणजे त्याच्या सोबतची होडी. सरांनी आम्हाला वर्षभर डावीकडेच श्वास घ्यायला शिकवलं होतं. होडी डावीकडे ठेवायची, प्रत्येक श्वासाला ती दिसली पाहिजे, ती जाईल तसं जायचं. होडीने बाजू बदलायची असेल तर आधी शिट्टी वाजणार, आपण थांबून वर बघणार, मगच ती दुसरीकडे जाणार. आणखी एक नियम — होडी फक्त आपली. दुसऱ्या कुठल्या होडीने वाट दाखवली तर स्पर्धक बाद.

माझ्या होडीत सर, आयोजकांचे एक निरीक्षक आणि होडीवाले पास्कलकाका. पास्कलकाका गोराईचेच, त्या पाण्यावर जन्म गेलेला. सकाळी आम्ही अंगाला ग्रीस फासून, कानात तेलाचे बोळे घालून वाळूवर उभे होतो आणि स्पर्धा सुरू होईना. कारण? प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आल्याशिवाय नारळ कसा फुटणार! पास्कलकाका सरांना म्हणाले, "मास्तर, पाणी फिरल आता. ओहोटीला मनोरीच्या खाडीचं तोंड लय ओढतं. पोरांना सोडा लवकर."

"मी सोडणारा कोण? त्यांना सांगा," सर आयोजकांच्या मांडवाकडे हात करत म्हणाले.

पाहुणे आले, त्यांनी भाषण केलं, मग नारळ फुटला. तोवर ओहोटी लागली होती.

पहिला टप्पा मजेत गेला. पाणी थंड, हवेत धुरकं, डावीकडे होडी. सरांनी बांबूला प्लास्टिकचा मग बांधून ग्लुकोजचं पाणी दिलं, मी उताणी होऊन प्यायले आणि पुढे निघाले. त्यानंतर माझ्या लेखी काहीच बदललं नाही. डावीकडे तोंड वळवलं की होडी. डांबर फासलेली काळी बाजू, काठावर ठेवलेला एक हात. सरांची तशीच सवय होती, हात काठावर टेकून बसायचे. चेहरा दिसत नव्हता, पण पाण्यातून अर्ध्या क्षणात चेहरा कधीच दिसत नाही. त्या हातातून पाणी ठिबकत होतं, एवढं मात्र मला स्पष्ट आठवतं. होडी हळूहळू आत, किनाऱ्याच्या बाजूला सरकत होती. मीही सरकले. एकदा पायाला काहीतरी खरखरीत घासलं. मी होडीकडे पाहिलं, ती निवांत पुढे जात होती, म्हणून मीही गेले.

मग ओढ लागली. खाडीचं पाणी उजवीकडे, भर समुद्रात ढकलायला लागलं. दंड भरून आले. रडू आलं, खरंच सांगते. पण पाण्यात रडलं तरी हात चालूच ठेवायचा असतो. होडी डावीकडे होती आणि मी तिला सोडत नव्हते, बस्स. सोडली असती तर बाबांनी तलाव बंद केला असता, एवढंच डोक्यात होतं.

पायाखाली मार्वेची वाळू लागली तेव्हा मी चालत बाहेर आले. बाबा तिथे किनाऱ्यावर वाट बघत उभे होते. मागे वळून पाहिलं — होडी नव्हती. आमची होडी बऱ्याच वेळाने उजव्या बाजूने, समुद्राकडून आली. सर होडीतून उडी मारूनच माझ्याकडे धावले. मला वाटलं मिठी मारतील. त्यांनी दंड धरून मला गदागदा हलवलं.

"बहिरी आहेस का, शैला? शिट्ट्या मारून घसा फुटला माझा. उजवीकडे बघ म्हणून ओरडतोय, ग्लुकोजचा मग पुढे धरतोय, तू तोंड वळवायला तयार नाहीस!"

"उजवीकडे कशाला बघू, सर? तुम्ही तर डावीकडे होता."

सरांनी माझा दंड सोडला. पास्कलकाका होडी ओढत आले होते, ते म्हणाले, "बाय, तिकडं सगळा खडक हाय. तिकडं होडी घातली तर तळ फुटल. म्हणून तर मी बाजू बदलली."

"पण होडी होती. मी तिच्याच बाजूने आले."

"आमी दोघं-तिघं बघत होतो ना. तुझ्या डाव्या अंगाला काय बी नव्हतं."

तोवर कळलं की बाकी सगळ्या मुली बाहेरच्या बाजूने आल्या होत्या, म्हणजे योग्य वाटेने, आणि त्या योग्य वाटेनेच ओहोटीने त्यांना समुद्रात ओढलं. एकेकीला होडीत उचलून घ्यावं लागलं. मी खडकांना घासून, आतून आले म्हणून खाडीचं तोंड पार करू शकले. मुलींत पोहोचलेली मी एकटी. पास्कलकाका मान हलवत होते. ते म्हणाले, ओहोटीत ती आतली वाट फक्त जुन्या माणसांना ठाऊक होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज खुशीत असते. पण दुसऱ्या क्लबच्या एका माणसाने आमचं बोलणं ऐकलं आणि तक्रार केली — मुलगी स्वतःच म्हणते की तिला दुसऱ्या होडीने आणलं. मला मार्वेच्या मांडवात बोलावलं. ओला टॉवेल गुंडाळून मी उभी, शेजारी बाबा, समोर आयोजकांचे अध्यक्ष. त्यांनी निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, मी कुठलीही होडी पाहिली नाही. पास्कलकाकाही तेच म्हणाले, सरही तेच म्हणाले.

अध्यक्ष गोड आवाजात मला म्हणाले, "बेटा, दमली होतीस. भास झाला, एवढं म्हण. आपण विषय संपवू."

"भास नव्हता."

सर कानाशी आले. "शैला, बोलून टाक ना. काय जातंय तुझं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. न लागलेल्या भिंतीसाठी हात वर करायला ह्याच माणसाने मला शिकवलं होतं. आणि भास म्हणायचं म्हणजे काय? मी जिच्या आधाराने खाडी ओलांडली तिलाच खोटं म्हणायचं? पंधरा वर्षांची होते, टॉवेल आवळून अध्यक्षांकडे वळले.

"होडी होती," मी म्हटलं. "कोणाची ते मला माहीत नाही. पण होती."

त्यांनी मला बाद केलं.

परत येताना बसमध्ये बाबा माझी तलावाची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. घरी आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, शेजारच्या काकूंनी ठाण्यातल्या कुठल्याशा बुवांचा पत्ता दिला आणि मुलीला आता पाण्याजवळ नेऊ नका म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले. संपलं सगळं, असंच वाटत होतं.

पहाटे कोणीतरी पाय हलवला. बाबा होते.

"उठ गो. तलावार जावचा नाय?"

"बाबा, मला बाद केलं ना..."

"खरा बोललंस मां तू?"

"हो."

"मगे? बाद तेनी केल्यानी. चलत भायर इलंस ता मी माझ्या डोळ्यांनी बघलंय." आणि माझी पिशवी माझ्या हातात देऊन ते स्टोव्ह पेटवायला गेले.

मी पुढे बरीच वर्षं पोहले, समुद्रातही, त्या खडकांजवळूनसुद्धा. डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे पाहिलं. पुन्हा कधी काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणतात थंडी आणि थकवा. गावचे नातेवाईक म्हणतात त्या पाण्याचा राखणदार देव होता. कोणी म्हणतं बुडालेला कोळी. प्रत्येकाला त्या सकाळचं श्रेय कोणाला तरी द्यायचं असतं, आणि पोहणारे हात माझे होते हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मला स्वतःला आजतागायत काही उलगडा झालेला नाही. मी तो करायलाही बसत नाही.

फक्त एक हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही. होडी नव्हती, असं तिथल्या सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. आणि त्याच नसलेल्या होडीची मदत घेतली म्हणून त्यांनी मला बाद केलं. तेव्हा ज्यांना मला भासाचं शास्त्र समजवायचं आहे त्यांनी जरूर समजवावं, माझी ना नाही. पण होडी नव्हती असं म्हणायचं असेल, तर आधी माझा पहिला नंबर मला परत द्या.