आक्कांच्या पेटीतला हातोडा

थांबातात्यांच्या गॅरेजात हातोडा नव्हता. पाने होते, पकडी होत्या, लाकडी ठोकळ्यांनी भरलेली एक गोणी होती; पण हातोडा मागच्या खोलीत, आक्कांच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली कुलपात होता. किल्ली आक्कांच्या कमरेला. तात्यांना हातोडा हवा झाला तर बायकोपुढं उभं राहून तो कशासाठी हवा ते सांगावं लागे. आक्का ज्वारी निवडता निवडता सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "पाणी पिलात का?" तात्या पाणी पिऊन परत येत. हातोडा पेटीतच राही.

हा कायदा तात्यांनीच केलेला. गॅरेज नवं होतं तेव्हा एका अडलेल्या इंजिनावर चिडून त्यांनी घाव घातला आणि इंजिनाचं कवच मधोमध फुटलं. गाडीचा मालक म्हातारा होता. तो काहीच बोलला नाही, तुकडे उपरण्यात बांधून घेऊन गेला. "त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तात्या म्हणायचे. त्याच दिवशी हातोडा आक्कांच्या स्वाधीन झाला.

बारामतीतून इंदापूरकडं निघालं की डाव्या हाताला लिंबाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. पाटीवर लिहिलेलं, 'जुन्या गाड्यांची इंजिने खोलून मिळतील. वेळ लागेल.' गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की तात्या हात वर करून म्हणत, "थांबा." त्यावरून हे नाव पडलं. त्यांच्या वडिलांची मोरगावकडं मेंढरं होती, आणि तात्यांचं सगळं यंत्रशास्त्र त्या मेंढरांमागून आलेलं. "अडल्यालं मेंढरू वढलं की बसतंच. त्याच्या बाजूला आपणबी जरा बसायचं." गंजलेला नट ते आधी जरासा आवळत आणि मगच सैल करत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "रुसल्यालं माणूस कसं असतंय, गुरुजी? आदी त्याच्या बाजूनं बोलावं लागतंय."

मी त्या वेळी बारामतीत शाळामास्तर होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. गावात चकचकीत नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या आणि मी आमची जुनी फटफटी ट्रॉलीत घालून कोऱ्हाळ्याहून तात्यांकडं आणली. आठ-दहा वर्षं ती शेळ्यांच्या गोठ्यात उभी होती. किक खालीच जात नव्हती. याच गाडीवर मागं बसून आई माहेरी जायची. एका हातात पिशवी, दुसरा वडिलांच्या खांद्यावर. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि मला ती गाडी पुन्हा चालू झालेली पाहायची होती. वडिलांना मात्र गोठ्यात जाता-येता ती दिसू नये असं वाटायचं. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, सगळ्याच गोष्टींचा निकाल लवकर लागलेला आवडे. ते म्हणाले, "दोन म्हैनं देतो. न्हाय सुटलं तर बाजारच्या दिवशी मी घण घिऊन येतो. माझ्या हातानं फोडतो आन् भंगारात घालतो."

तात्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं. खाली सिलिंडरमध्ये पिस्टन घट्ट बसलेला आणि त्यावर काळा कडक थर. "काजळी," तात्या म्हणाले. थोडी खरवडून त्यांनी डबीत ठेवली. प्रत्येक इंजिनातला असा नमुना ठेवायची त्यांना सवय होती. मग डिझेल आणि रॉकेल ओतून, वर फडकं झाकून म्हणाले, "थांबा."

मी थांबलो. रोज शाळा सुटल्यावर सायकलवरून जाई, तात्यांबरोबर स्टुलावर बसून पिस्टनकडं पाही आणि चहा पिऊन परत येई. तात्यांनी स्टोव्हवर सिलिंडर शेकला, ठोकळा ठेवून तळहातानं दाबला, सिलिंडरला कान लावून ऐकलं. "आत हाय जीव," असं निदानही केलं. पिस्टन केसभरही हलला नाही. दीड महिन्यानंतर तात्या दिवसातून दोन-दोनदा पाणी पिऊ लागले. शेवटच्या आठवड्यात ते आक्कांपुढं जाऊन नुसतेच उभे राहिले. आक्कांनी ज्वारीचं सूप खाली ठेवलं आणि त्यांचा हात कमरेच्या किल्लीकडं गेला. पण तात्याच मागं फिरले.

बाजाराच्या आदल्या दिवशी, बुधवारी, आक्का शेड झाडत होत्या. फळीवरच्या डबीपाशी थांबून म्हणाल्या, "अवो, काजळीला मुंग्या कवापासनं लागाय लागल्या?"

लिंबापासून डबीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. आक्कांनी कण बोटावर घेतला, हुंगला आणि, मी अडवायच्या आत, चाखला. "काकवी हाय ही."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला एकदम आमची पडवी आठवली. गाडी उभी करून ठेवताना आबा म्हणाले होते, प्लगच्या भोकातून पावशेर तेल सोड. फळीवर दोन सारखेच डबे होते, एकात इंजिनाचं तेल, एकात गुऱ्हाळावरची काकवी. दोन्ही काळं, दोन्ही दाट. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि माझं लक्ष कुठं होतं ते आता सांगण्यात अर्थ नाही.

"डिझेलनं गूळ इरघळतोय व्हय?" आक्का म्हणाल्या आणि चुलीवरचं आधणाचं पाणी घेऊन आल्या. एक तांब्या, दुसरा तांब्या. गॅरेजभर गुऱ्हाळाचा वास सुटला. तिसऱ्या तांब्यानंतर तात्यांनी ठोकळा ठेवून दाबलं आणि पिस्टन सरकला. तात्या खालीच बसले. चाळीस वर्षांचं कसब त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसत होतं. मग ते पोट धरून हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी आबा बाजाराच्या पिशवीत खरोखरच घण घेऊन आले. मोकळा पिस्टन बघून त्यांनी विचारलं, "कशानं अडलं हुतं?" मी कबूल करायला तोंड उघडलं. तात्यांनी हात वर केला. "गंज हुता, आबा. लय जुना." आक्का तोंडाला पदर लावून आत गेल्या.

गाडी जोडायला अजून महिना गेला. सुरू झाली तेव्हा आबा चालवतील म्हणून मी उतरलो, तर म्हणाले, "तूच बस म्होरं." आणि ते मागच्या सीटवर बसले. पार कोऱ्हाळ्यापर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी मागं वळून पाहिलं नाही.

तात्यांनी मला थांबवलं ते थांबवलंच. आबांना खरं सांगायचं राहून गेलं.

तात्या गेले ते दशक सरता सरता. तेराव्याला मी गेलो तेव्हा आक्कांनी पेटी उघडली, लुगडी बाजूला केली आणि हातोडा माझ्यापुढं ठेवला. दांडा इतक्या वर्षांनीही कोरा होता.

"तुमी न्या, गुरुजी. त्यांनी सांगून ठिवलं हुतं."

मी घेतला. दारापर्यंत पोचलो तर मागून आवाज आला, "आन् कवा वापरायची येळ आली, तर आदी हितं येऊन मला सांगायचं. पाणी ठिवीन."