शोभाबाईंचा ट्रॅक्टर

हेमकांत सरांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती. विंडोज वापरणारे गुलाम, आणि लिनक्स न कळणारे मूर्ख. शहाद्याच्या शाळेत ते संगणक शिकवत. जिचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, अशी ही मोकळी प्रणाली लोकांच्या गळी उतरवायला त्यांनी आख्खी नोकरी घालवली. शेजाऱ्याच्या, मेव्हण्याच्या, पुरुषोत्तमनगरच्या मित्राच्या कॉम्प्युटरवर स्वतः बसून लिनक्स घालून दिलं. सरांची पाठ फिरली की लोक ते काढून टाकत. "गाढवाला गुळाची चव काय!" असं म्हणतच सर निवृत्त झाले.

पुढे विंडोज दहाचे अपडेट बंद झाले, अकरा जुन्या मशीनवर चालेना आणि एसटी स्टँडजवळ ललितच्या दुकानात गर्दी उसळली. ललित सरांचाच विद्यार्थी, वर्गात पेंगणारा. तो जुन्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायचा आणि वर गेमही चालवून दाखवायचा. सर बघायला गेले, तर कॉलेजची पोरं बंदुका झाडत बसलेली.

"हे विंडोजचेच गेम आहेत, सर," ललित कौतुकानं म्हणाला. "मधे प्रोटॉन नावाचा दुभाष्या बसतो. गेमला वाटतं, आपण विंडोजवरच आहोत."

"म्हणजे बेड्या घालूनच तुरुंगाबाहेर आलात," सर म्हणाले. "याला लिनक्स म्हणतोस? देवळात जुगाराचा अड्डा मांडलायस."

घरी येऊन त्यांनी बायकोसमोर सगळा राग ओकला. सर घरातही पुस्तकी मराठीच बोलत. अहिराणीचाही त्यांना कमीपणा वाटे. शोभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ट्रॅक्टरना गेम ऱ्हास का त्यामा?"

"ट्रॅक्टरचा गेम?" सर खो खो हसले. शोभाबाईंचं अर्धं आयुष्य गावच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं होतं. आता शेत वाट्यानं दिलेलं. ट्रॅक्टरच्या सीटवर मात्र त्यांना कुणी कधीच बसू दिलं नव्हतं.

"तुम्हना मशीनवर टाकी द्या ना."

"माझ्या? बंद कोडचं एक अक्षर नाही त्यावर. तुझ्या पोरखेळासाठी मी ते बाटवू?"

शोभाबाई वाद घालत बसल्या नाहीत. ललितकडून त्यांनी लिनक्स आणि ट्रॅक्टरचा गेम घातलेला जुना कॉम्प्युटर आणला आणि बैठकीत सरांच्या मशीनसमोरच मांडला. सुरुवातीला ट्रॉली बांधावर चढायची, नांगर विहिरीत जायचा. सर वर्तमानपत्राआडून फिसकन हसायचे. हळूहळू बाईंना ट्रॉली मागे घेणं जमलं, मग नांगरानं सरळ तास काढणंही. भजनी मंडळातल्या सुगंधाबाई आणि रमिलाबाई बघायला आल्या नि दिवसभर हलल्याच नाहीत. पुढच्या महिन्यात दोघींच्या घरी तसंच मशीन आलं. कोणती सिस्टीम, असं कुणी विचारलं तर त्या ठसक्यात सांगत, "लिनक्स!"

सरांना ते सहन होईना. एका दुपारी तिघींसमोरच ते कडाडले, "हे लिनक्स नव्हे!"

"मंग काय शे?" शोभाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

इतक्या वर्षांत आपण घातलेलं लिनक्स कुणाच्या घरात टिकलं, ते सरांना आठवेना.

"आवाज कमी कर त्या ट्रॅक्टरचा," असं म्हणत ते आतल्या खोलीत निघून गेले.