घरात घेणार कोण

डब्यांच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसची धडधड अशी असते, की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. त्या धडधडीतून या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचवणारा कामगार एकच होता. एकदा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा बिघडला, तेव्हा मुकादमानं त्यालाच पायरीवर उभं करून ओरडायला लावलं आणि सगळी पाळी हात धुवायला निघाली. तेव्हापासून तो भोंगा. बायको सोडली तर सगळे त्याला तसंच हाक मारत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

कारखान्यानं त्या आवाजाला नाव दिलं, पण मान मिळाला तो फुटबॉलमुळे. शहराच्या संघाची मॅच परक्या मैदानावर असली की पाठीराख्यांची बस निघे आणि ड्रायव्हरशेजारची पुढची जागा भोंग्याची असे. घोषणा त्यानं द्यायची, बाकीच्यांनी उचलायची. परतल्यावर दोन दिवस घशातून नुसता वारा निघे. बायको एका शब्दानं न बोलता मिठाचं पाणी गरम करून पुढे ठेवी. जन्मभर तिनं तेच केलं.

मुलगाही याच संघाच्या वेडात वाढला. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून घोषणा द्यायचा. पुढे संघात बचावफळीत खेळायला लागला, तेव्हा भोंग्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग पलीकडच्या शहरातल्या संघानं, म्हणजे जन्माच्या वैऱ्यानं, त्याला बोलावलं आणि तो गेला. खेळाडूची उमेदीची वर्षं ती किती! पोटासाठी कुणीही गेलं असतं. पण निरोप घ्यायला आलेल्या पोराकडे पाठ करून भोंगा बूट पुसत बसला. आधीच पुसलेले बूट. मोडेन पण वाकणार नाही, हा त्याचा बाणा. आता अशा बाण्याला काय म्हणावं? घरी संघ सोडून गेलेल्याचा विषय काढायचा नाही, असा त्यानं नियम केला आणि बायको स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलू लागली.

यंदा मॅच त्या शहरात होती. बस निघायच्या आदल्या दिवशी बायकोनं नियम मोडला. पोराला मुलगी झाली होती हे त्याला माहीत होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं. ती म्हणाली, मॅच संपल्यावर तो मैदानातून बस बाहेर पडते त्या फाटकापाशी उभा राहणार आहे, तुम्हाला घरी नेईल, नात दाखवील, रात्रीच्या गाडीत बसवून देईल. तिचे गुडघे गेलेले; एवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता. तिनं विणलेली चिमुकली टोपी त्याच्या कोटाच्या खिशात ठेवली.

"माझ्या वाटचंही बघून या," ती म्हणाली. "कुणावर गेलीय ते नीट बघा."

तो "बघू" म्हणाला. पण बसमध्ये त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता. त्याला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं.

पाहुण्या पाठीराख्यांना जाळीच्या कोपऱ्यात कोंबलं होतं. भोंगा सुरुवातीला नेहमीच्याच घोषणा देत राहिला. मागून पोरं ओरडायला लागली, भोंगा, ती दे, ती! ती म्हणजे संघ सोडून जाणाऱ्यांसाठी त्यानंच कित्येक वर्षांपूर्वी रचलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानं मनाला समजावलं, की हे खेळाडूला आहे, मुलाला नाही. त्यालाही कळतं, तोही हेच ओरडत मोठा झालाय.

"सांग गड्या, तुला घरात घेणार कोण?"

"कोणी नाही!" सगळा कोपरा गरजला.

मैदानात यजमानांच्या बचावफळीत उभ्या मुलानं मान वळवली. तेवढ्यात बॉल त्याच्या पायाखालून निसटला आणि गोल झाला. भोंग्याच्या संघानं मॅच त्या एका गोलवर जिंकली. पोरांनी भोंग्याला खांद्यावर घेतलं. गोल तुझाच म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसं कमी नसतात, आणि भोंगा चढला.

यजमानांची गर्दी पांगेपर्यंत त्यांना कोंडून ठेवलं, मग पोलिसांनी सरळ बसमध्ये बसवलं. फाटकाशी उतरू, ड्रायव्हरला हळूच सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. फाटकाशी मुलगा एकटाच उभा होता. काचेतून प्रत्येक चेहरा शोधत होता. बस त्याच्याजवळ येऊन हळू झाली. पोरांनी त्याला ओळखलं, खिडक्या बडवायला लागली. भोंगा, शेवटचं एकदा! मुलाला पुढच्या काचेत बाप दिसला. त्यानं हात वर केला.

थांबव, उतरतो, एवढं म्हणायचं होतं. भोंग्यानं तोंड उघडलं आणि घोषणा दिली. घसा फाटेस्तोवर दिली.

मुलाचा हात खाली आला. बस वळली. बसभर टाळ्या वाजल्या आणि भोंगा खिशातली टोपी मुठीत दाबून समोर बघत राहिला.

सकाळी बायको दाराशीच बसली होती. विचारलं, बघितलीत?

"बघितली," तो फाटक्या घशानं म्हणाला. "तुझ्यावर गेलीय. नाक तर तुझंच."

तिनं त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि टोपी बाहेर काढली. मांडीवर ठेवून ती सपाट करत राहिली.

"रात्री त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तिला घेऊन इकडे यायचं होतं त्यांना. विचारत होता, बाबा घरात घेतील का?"

भोंगा खाली बसला. ये म्हणावं त्याला, असं काहीतरी पुटपुटला.

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. काल सांगितलंत तेवढ्याच मोठ्यानं."

तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून मुलगा "आई? आई?" करत होता. भोंग्यानं सगळा जोर लावला. घशातून वारा निघाला. मुलानं आणखी एकदा हाक मारली, थोडं थांबला आणि फोन ठेवला.

भोंग्यानं बायकोकडे बघितलं. पाणी गरम करायला ती उठली नाही.