कोटाच्या कपाटातला साबण

हे बघा, सांगतो, पण मध्ये कुणी हसायचं नाही. कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. तसं ते एरवीही लवकर फिरतं, तुम्हाला ठाऊकच आहे! पण त्या शनिवारी सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी जी माती खाल्ली ना, तशी आयुष्यात परत खाल्ली नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सांगलीची आमची इंजिनिअरिंगची निम्मी बॅच तेव्हा अमेरिकेत, बे एरियात येऊन पडली होती. सगळे चिपवाले. आणि अचानक काय साथ आली कोण जाणे, एकेक जण लाइन बदलायला लागला! एक घरं विकायला लागला, दुसरा विमा. बरं, विका बाबांनो! पण गिऱ्हाईक म्हणून मीच का?

सगळ्यात कहर केला मोहनने. हॉस्टेलवर माझा रूममेट होता. वर्षभर फोन नाही, आणि एक दिवस म्हणतो, "शऱ्या, एक चांगली बातमी आहे. फोनवर नाही सांगत, घरीच येतो. वहिनींनाही बसव." मला वाटलं, पोरगं झालं असेल. नीलाने पुरणपोळ्या केल्या. हा आला तो टाय लावून, काखेत पांढरा फळा घेऊन! फळ्यावर गोल काढले. हा गोल म्हणजे तू, तुझ्याखाली हे गोल म्हणजे तुझे मित्र, त्यांच्याखाली त्यांचे मित्र. सगळ्यांनी एकमेकांना कपडे धुवायचा साबण विकायचा आणि दोन वर्षांत नोकरी सोडून तळ्याकाठी घर घ्यायचं. म्हणे बोटसुद्धा!

आता रूममेटला नाही कसं म्हणणार? घेतला साबण. एवढा घेतला, की दाराजवळचं कोटांचं कपाट लागेना. कोट बाहेर खुर्चीवर आणि साबण आत! कपाटाशी गेलो की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यानंतर आणखी दोघं येऊन गेले. तोच फळा, तीच बोट. मग मी ठरवलं, बास! कुठल्याही वर्गमित्राने फोनवर "एक चांगली बातमी आहे" म्हटलं, की फोन आपटायचा. त्या महिन्यात मी किती फोन आपटले म्हणून सांगू! सगळे एकदम पेटले होते. मी म्हटलं, बघा, साथ पसरतेय.

तर त्या शनिवारी अविनाश येणार होता. अव्या. आमच्या बॅचमधला सगळ्यात सरळ माणूस. त्याने हुशारी केली. मला फोन न करता नीलाला केला.

"दुपारी येतोय म्हणाला," नीला म्हणाली. "काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय."

"अव्यासुद्धा?" मी ओरडलो. "अव्यालाही लागण झाली?"

नीला वेलदोडे कुटायला लागली. स्वयंपाकघरात नळाला चक्क्याचा फडका टांगलेला होता. म्हणजे श्रीखंड! साबणवाल्याला श्रीखंड? आणखी एक सांगतो. माझी धाकटी बहीण सुधा आमच्याकडे राहून सॅन होजेला एमएस करत होती. एरवी जीन्सशिवाय दिसायची नाही, ती त्या दिवशी साडी नेसून बेडरूममध्ये बसली होती. आता कुठल्याही शहाण्या माणसाला काय वाटेल? पण मी शहाणा कुठला! मी हॉलमध्ये येरझारा घालत माझं भाषण तयार करत होतो.

बेल वाजली. अव्या आला. सूट, टाय, हातात पेढ्यांचा डबा. फळा दिसला नाही. म्हटलं, गाडीत ठेवला असेल, लबाड!

तो सोफ्याच्या कडेवर बसला. घसा खाकरला. म्हणाला, "शरद, मी लाइन बदलली."

झालं!

"कळलं," मी म्हटलं. "तू कशाला आलायस ते मला पक्कं माहीत आहे."

त्याचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? हा टाय, हे पेढे! मी काय पहिल्यांदा बघतोय? तुझ्या आधी तिघं येऊन गेलेत."

"तिघं?" तो पांढराफटक पडला. "मग... तू काय म्हणालास त्यांना?"

"पहिल्याला हो म्हणालो. अजून निस्तरतोय!"

"हो म्हणालास? अरे, पण सुधा मला काहीच बोलली नाही!"

"सुधा?" आता मात्र माझा पाराच चढला. "म्हणजे तू तिलाही गाठलंस? कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला? माझ्या पाठीमागे?"

"तिचीही इच्छा आहे, शरद. मला आता पगार कमी आहे, खरंय. पण आम्ही सुखात..."

"सुखात! तळ्याकाठी घर, दारात बोट! पाठ आहे मला सगळं!"

"बोट? बोटीचं मी कुठे म्हणालो, यार?"

"म्हणशील! थोड्या वेळाने म्हणशील! लाज नाही वाटत? चांगला इंजिनिअर माणूस, मित्रांच्या घरी जाऊन असले धंदे करतोस? मला नको म्हणजे नको! फुकट दिलंस तरी नको! चल, ऊठ!"

तो उठला. पेढ्यांचा डबा टीपॉयवर ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात नीला श्रीखंडाच्या वाट्या घेऊन उभी होती, तिला "येतो वहिनी" म्हणाला आणि गेला. मी दार आपटलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिघांचा राग एकट्यावर काढला होता.

बेडरूमचं दार उघडून सुधा बाहेर आली.

"दादा, काय सांगितलंस त्याला?"

"नाही म्हणून सांगितलं. ठणकावून!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पण का?"

"का म्हणजे? ठेवायचा कुठे? कोटाच्या कपाटात जागा आहे का?"

"कपाटात?" सुधा म्हणाली.

नीलाने वाट्या खाली ठेवल्या आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "अहो, ते सुधाला मागणी घालायला आले होते."

तुम्ही हसताय. मी म्हटलं होतं, हसायचं नाही!

मी तसाच मोज्यांवर जिना उतरून पार्किंग लॉटमध्ये धावलो. अव्या गाडीत बसून टायची गाठ सोडत होता. मला येताना पाहिलं आणि त्याने आतून दार लॉक केलं! मी काचेवर थापा मारायला लागलो.

"अव्या, काच खाली घे! मला पाहिजे! मला पाहिजे!"

त्याने काच बोटभर खाली केली. "काय पाहिजे?"

"तू! तू पाहिजेस!"

शेजारची अमेरिकन बाई कपड्यांची बास्केट घेऊन लॉन्ड्रीकडे निघाली होती. ती थबकली. "एव्हरीथिंग ओके?" तिने विचारलं, मला नाही, अव्याला. आता तिला काय समजावणार, कप्पाळ?

काचेच्या त्या फटीतून मग सगळं कळलं. अव्याने चिप सोडून हायस्कूलमध्ये गणित शिकवायची नोकरी धरली होती. पगार निम्म्यावर आला होता. आधी ते प्रामाणिकपणे सांगायचं आणि मग लग्नाचं विचारायचं, असं ठरवून आला होता बिचारा.

"मग आधी लग्नाचं बोलायचं ना, गाढवा!" मी ओरडलो. चूक माझी, आणि ओरडतोय पुन्हा मीच!

"आणि हे जमलं कधी?" मी विचारलं.

"मागे तुझी गाडी गॅरेजमध्ये होती. सुधाला कॉलेजला राइड दे, असं तूच मला सांगितलं होतंस."

बोला आता!

अव्याला घेऊन वर आलो. श्रीखंड खाल्लं. तेव्हा उलगडलं, की नीलाला सगळं माहीत होतं. आमच्या आख्ख्या बॅचला माहीत होतं. त्या महिन्यात मी जे फोन आपटले, ते सगळे आडून आडून हीच बातमी माझ्या कानावर घालायला केलेले होते. सुधाच्या लग्नाची सगळ्यात जास्त काळजी मला. वडील गेल्यापासून तिचा बाप मी, असं छातीठोक सांगत फिरायचो, आणि एकट्या मलाच पत्ता नव्हता!

बोलता बोलता संध्याकाळ झाली. साताऱ्याला आईकडे तेव्हा सकाळ झाली असणार. शेजारच्या डॉक्टरांकडे फोन लावला. त्यांनी आईला बोलावून आणलं. परदेशी फोन म्हणून ती ओरडून बोलायची.

"आई, सुधाचं ठरलं! अविनाशशी!"

"झालं बाई एकदाचं! शेवटी तुला सांगितलं कोणी?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"अरे, तुला कोणी सांगायचं यावरून त्यांनी तिकडे चिठ्ठ्या टाकल्या म्हणे. आली नेमकी सुधाचीच. तर पोरगी रडतच बसली, दादाला मी नाही सांगणार म्हणून. मग तो बिचारा म्हणाला, मी जातो."

मी सुधाकडे पाहिलं. ती मान खाली घालून वाटीतलं श्रीखंड चमच्याने नुसतंच फिरवत होती. मला फार वाईट वाटलं. ज्या पोरीला मी सायकल शिकवली, ती लग्न ठरल्याचं सांगायला मला घाबरते! पण हे बोलायचं कसं?

"शरद," आई तिकडून ओरडली, "चिडला नाहीस ना रे?"

"मी कधी चिडतो?" मी फोनमध्ये अशी काही गर्जना केली, की अव्याच्या हातातला पेढा खाली पडला आणि शेजारच्या बाईने भिंतीवर धडाधडा बुक्क्या मारल्या.